पोहरेवाल्या काकू

पोहरेवाल्या काकू शिंक कधी दाबायच्या नाहीत. भर रस्त्यात पाय रोवून दणदणीत शिंकायच्या आणि मग कुस्ती मारल्यासारख्या आजूबाजूला बघायच्या. आमच्या अवसरीत शिंकेचा एवढा अभिमान दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्याला कारण होतं. चार बाळंतपणांनंतर शिंकलं, खोकलं की काकूंचं लुगडं ओलं व्हायचं. पुण्याला लेकीकडे गेल्या असताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना लघवी धरून ठेवणाऱ्या, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. 'लिफ्ट वर न्या, लिफ्ट खाली आणा,' असं त्या डॉक्टरीणबाई सांगायच्या. काकूंना लिफ्टची भीती. त्यांनी लिफ्ट काढून तिथे विहिरीचा पोहरा बसवला.

मी त्यांच्या शेजारची सून. माहेरी राजुरीला माझं हसू चार घरं ऐकू जायचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र हसायची सोय उरली नाही. कुणी गंमत केली की मी पायाला पाय आवळून, तोंड पाडून बसायचे. सासरी म्हणत, सून भारी गंभीर आहे. रडायला तेवढी अडचण नव्हती, ते मी करून घ्यायचे.

काकूंनी ओळखलं. बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, कांदे निवडताना म्हणाल्या, "श्वास घे, पोहरा खाली सोड. आता श्वास सोडत हळूच वर ओढ. आन् परत पार तळाला जाऊ दे."

मी दम कोंडून, दात आवळून जोर लावला.

"आगं, श्वास काय कोंबडी हाय का डालून ठेवायला? आन् नुसतंच वर ओढतीस. पोहरा खाली गेल्याबिगर पाणी येतं व्हय?"

हळूहळू सगळ्याच बायका शिकल्या. काकू 'पोहरा' म्हणाल्या की बराखीत चिडीचूप. एकदा बराखीचे मालक धावत आले, "काय वो, कुणाला काय चावलं का?"

"न्हाई. आमी विहिरीवर हाय. थांबा जरा."

मालक बिचारे टोपी काढून थांबले.

काही महिन्यांत माझी शिंक सावरली. पण पोटभर हसायचं धाडस काही होईना. काकू म्हणायच्या, "व्हईल. तुजं हसू ऐकल्याबिगर मी जायची न्हाई." आणि गेल्या वर्षी गेल्याच.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. लेक म्हणाली, "आई, घर सांभाळू." मुलगा म्हणाला, "म्हशी इकणार न्हाई." पुढाऱ्यांची भाषणं संपली, ऊन चढलं. मालकांनी तर उगाचच विहिरीचा गाळ काढायचं कबूल केलं. कावळा ढिम्म.

शेवटी आम्ही बराखीतल्या बायका पुढे झालो, हात जोडले. "काकू, पोहरा रोज करू. खाली सोडायचं पण इसरणार न्हाई."

कावळा आला आणि शिवला.

मला हसू फुटलं. सासरे, पुढारी, भटजी, सगळ्यांदेखत, माहेरचं ते चार घरं ऐकू जाणारं. काकूंची इतकी आठवण येत होती की रडूही थांबेना. सासूबाईंनी घाबरून चिमटा काढला. त्यांना काय सांगू? डोळे सोडले तर मी ठणठणीत कोरडी होते.