सतरा नंबरची प्रॉक्सी

आमच्या वर्गातल्या एकाला आम्ही 'रजिस्टर' म्हणायचो, आणि तो साठीला टेकला तरी ते नाव काही सुटलं नाही. केमिस्ट्रीच्या सरांना चष्मा लावूनही नीट दिसेना, म्हणून हजेरी घ्यायचं काम याच्या गळ्यात पडलं. ते त्याने इतकं मनावर घेतलं की कॉलेज सुटलं, हजेरी सुटली नाही.

नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. बाटलीवर तारीख नसेल, तर साहेबांनी पाठवलेलं पाणीसुद्धा हा परत पाठवायचा. बायको म्हणायची, "यांना चहा द्यायचा तर आधी कपाला लेबल लावावं लागतं."

दर रविवारी सकाळी नऊला आम्हा बावीस जणांचा एकत्र फोन. रजिस्टर एकेक नंबर पुकारणार, ज्याने त्याने 'हजर' म्हणायचं, आणि हा लांबट वहीत 'ह' लिहिणार. गप्पा त्यानंतर. मी नऊ नंबर, शाळेत शिकवते. सुरुवातीला मी वैतागले होते. "आम्ही काय कैदी आहोत का रे?"

"नऊ नंबर," तो म्हणाला, "आपल्यातला एखादा अडचणीत सापडला, तर आठ दिवसांच्या आत कळायला नको?"

पुढच्या रविवारी मी पहिल्याच पुकाऱ्याला 'हजर' म्हटलं.

सतरा आणि अठरा एका बाकावरचे. सतरा पहाटे घरोघर पेपर टाकून यायचा आणि पहिल्या तासाला हमखास झोपायचा. अठराच्या तोंडाला कुलूप नाही. सतराच्या घोगऱ्या आवाजात 'हजर' म्हणायचं काम त्याचंच. रजिस्टरला सगळे आवाज पाठ होते, प्रॉक्सी तो तिथल्या तिथे ओळखायचा. पण खाली मान घालून 'ह' लिहायचा. पेपर टाकून दमलेल्या मुलाचं वर्ष बुडवायचं त्याच्या जिवावर यायचं.

गेल्या वर्षी एका रविवारी सतराचा 'हजर' आला, तो अठराच्या घशातून. आम्हाला पत्ता लागला नाही. रजिस्टरला लागला. लेकाचा अजून झोपतोय, म्हणून तो गालात हसला आणि 'ह' लिहून मोकळा झाला. पुढच्या रविवारी तेच. असे पाच रविवार.

सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी सतराच्या बायकोचा रजिस्टरला फोन आला. "भाऊजी, यांना अर्धांगवायूचा झटका येऊन सव्वा महिना झाला. मी एकटी धावतेय. तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही?"

त्याने लगेच मला फोन लावला. रडत होता. "नऊ, पाणी खराब आहे हे माहीत असून मी बाटली पास केली गं. एकदा नाही, पाच वेळा." मला त्याची दया यायला हवी होती, पण आधी रागच आला. त्याला आणि मग अठराला मी असं झाडलं की शाळेतल्या मुलांनाही कधी झाडलं नसेल. "मला वाटलं, नेहमीसारखा झोपलाय," एवढंच अठरा म्हणाला. राग ओसरल्यावर लक्षात आलं, आवाज तर मीही ऐकला होता, आणि ओळखला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सतराकडे गेलो. दुसरा मजला, बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट, स्टुलावर औषधांचा डबा. सतराची उजवी बाजू लुळी पडली होती. आम्हाला पाहिल्यावर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"डॉक्टर म्हणतात, बोलायचा प्रयत्न केला तर वाचा येईल," त्याची बायको म्हणाली. "पण हे तोंडच उघडत नाहीत. लाज वाटते यांना लोकांची."

नऊ वाजले. रजिस्टरने पिशवीतून वही काढली, सतरासमोरचे पाचही 'ह' लाल पेनाने खोडले आणि फोन स्पीकरवर ठेवून पुकारा सुरू केला. माझा नंबर आला, मी हजर म्हटलं. सोळापर्यंत सगळे आले.

"सतरा."

अठराने ओठ दातांखाली दाबून धरले होते.

"सतरा," रजिस्टर पुन्हा म्हणाला. "घाई नाही. मी थांबतो."

तो खरंच थांबला. बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला. "हअ..." तेवढाच. रजिस्टरने 'ह' लिहिला.

"अठरा."

अठराने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जन्मात पहिल्यांदा. खाटेच्या कडेला बसून तो नुसता हुंदके देत होता. रजिस्टर पेन धरून वाट बघत राहिला. एवढ्यात सतराने मान वळवली, अठराकडे पाहिलं, आणि मघापेक्षा जरा मोठ्याने म्हणाला, "हअ..."

रजिस्टरने दोघांकडेही पाहिलं. मग खाली मान घालून अठरासमोर 'ह' लिहिला आणि म्हणाला, "एकोणीस."