हंगेरीच्या विमानाला कुंकू

माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेल्या उन्हाळ्यात ऐकेनासा झाला. अर्धांगवायूचा झटका सौम्य होता. पाय लवकर सावरला, बोलणं तर एक दिवसही थांबलं नाही. हात मात्र चहाचा कप उचलला की थरथरायचा. दुसऱ्या कुणाचं एवढ्यावर भागलं असतं, यांचं भागण्यासारखं नव्हतं, कारण हे पेंटर. दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ यांचं दुकान. फ्लेक्स आल्यापासून पाट्या कमी झाल्या, तरी जीपवरची नावं, ट्रॉलीवरचे मोर, असली कामं हातानेच होतात. दवाखान्यातून आल्यावर यांनी सगळे ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि मला कपाटावर टाकायला सांगितले. दुकानाचं शटर बंद.

मी याद्या करणारी बाई आहे. घरात त्यावरून चेष्टा होते, पण आमच्याकडे गॅस कधी अचानक संपत नाही. तेव्हाही मी यादी केली आणि फ्रिजला लावली. चेंडू दाबणे, कणीक मळणे, बटणं लावणे-काढणे, डाळीतले खडे वेचणे. डाळीचं ताट समोर ठेवल्यावर हे म्हणाले, "मले सासुरवाशीण केलं काय तुनं?" आणि ताट सरकवलं.

व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, त्यांना आवडेल असं बारीक काम द्या, नाहीतर हात आळसावेल. ते मी पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं. तिने एक खोकं पाठवलं. आत प्लास्टिकचे तुकडे, जोडून विमान करायचं. दुसऱ्या महायुद्धातलं, जर्मनीत बनलेलं लढाऊ विमान. वन-ओ-नाइन म्हणतात त्याला. खुणा मात्र हंगेरीच्या. त्या युद्धात जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या देशांना ही विमानं मिळत आणि हंगेरीचे वैमानिक त्यांवर आपली निशाणी लावून उडत. मुलीने मुद्दाम हेच खोकं निवडलं होतं. जर्मनांच्या स्वतःच्या विमानांच्या शेपटीवर त्यांचं ते तिरपं स्वस्तिक असे. "ते आपल्या घरात नको," ती म्हणाली.

मी ठरवलं, दसऱ्यापर्यंत विमान उभं राहिलं पाहिजे. रोज सकाळी, ऊन खिडकीत असेपर्यंत, टेबलावर बसायचं. यांनी पहिले काही दिवस कुरकुर केली, मग चित्रांचा कागद स्वतःच मागू लागले. तुकडा डाव्या हाताने धरायचा, उजव्याने डिंक लावायचा. पडला तर मी उचलून द्यायचा नाही, हा नियम माझा. खुर्चीवरून वाकून टेबलाखाली तुकडा शोधणं हाही व्यायामच.

विमान जोडता जोडता त्याची ओळख झाली. चाकांचे पाय जवळजवळ आणि फाकलेले, त्यामुळे उडताना आणि उतरताना ते कलंडायचं. जमिनीवर असताना नाक इतकं वर की वैमानिकाला समोरचं दिसत नसे, नागमोडी चालवत न्यावं लागे. मी हे वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "उडायले वाघ अन् चालायले लंगडं. जमन आमचं."

कागदावरच्या चित्रात पंखांवर गडद हिरवी ठिगळं होती. विमान जर्मनांकडून आलं की त्यांचे क्रूस रंगाने झाकायचे आणि वर हंगेरीची निशाणी काढायची, काळ्या चौकोनात पांढरा क्रूस. हे चित्र यांनी बराच वेळ पाहिलं. "निवडणुकीतली भिंत आहे हे. आदल्याचं नाव खालून दिसूनच राह्यलं."

मोठे रंग यांनी डाव्या हाताने, खोक्यासोबत आलेल्या रुंद ब्रशने मारले. नाक पिवळं. शेपटीवर लाल, पांढरे, हिरवे पट्टे, चिकटपट्टी लावून. पंखांवरच्या क्रुसाची वेळ आली तेव्हा मी कपाटाकडे पाहिलं. हे म्हणाले, "लाइन मारायचं नाव काढू नोको." खोक्यात पाण्यात भिजवून सरकवायचे स्टिकर होते. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ते लावून झाले. विमान पुरं झालं होतं, आणि माझ्या मनासारखं मुळीच झालं नव्हतं, यांचे ब्रश कपाटावरच होते. त्याच आठवड्यात एक जीपवाला येऊन गेला होता. नवी गाडी, समोर नाव काढायचं, दसऱ्यालाच. "काका, तुमच्याच हातचं पायजे." यांनी त्याला यवतमाळच्या कुणाचा तरी पत्ता दिला.

खंडेनवमीला सकाळी मी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला गेले. परत आले तर सासूबाईंनी पूजा मांडून टाकलेली. शिलाई मशीन, विळी, कात्री, मिक्सर, दारातली स्कूटी, सगळ्यांना हळदकुंकू. आणि मधोमध पाटावर विमान. दोन्ही पंखांवर, बरोबर स्टिकरांवर, तेलात कालवलेल्या कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक.

"आई, हे काय केलंत?"

"पूजा केली. गाडीले काढतो ना आपण? इमानाले काहून नाही?"

"अहो, कालच तर स्टिकर लावलेत त्याला!"

"मले कोणी सांगतलं?" त्या माझ्यावरच उखडल्या. "त्याची हत्यारं तूनं वर टाकून ठेवली. माह्या हाताले पुरत नाही. मंग त्याच्या नावानं पूजू काय, मिक्सर? अन् शेपटीवर झेंडा आहे त्याच्या. आपल्या मिलटरीचंच आहे ना ते?"

लाल, पांढरा, हिरवा. केशरी जरा गडद झालं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले. स्टिकर फाटून गोळा झाला आणि कुंकू हिरव्या रंगात गुलाबी पसरलं. पिवळ्या नाकावरची हळद तेवढी कुणाला दिसणार नव्हती. माझं डोकं फिरलं. नवे स्टिकर कुठून मागवायचे, दुसरं खोकं आणायचं का, एवढं सगळं मी मोठमोठ्याने मोजत होते, तेवढ्यात हे आतून आले. विमान उचललं, खिडकीत नेलं, उलटसुलट केलं. मग हसायला लागले. झटक्यानंतर यांना इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"माय, जर्मनायची खूण नोको म्हणून पोरीनं हे धाडलं. तूनं डबल काढली."

"मले काय ठाव तुमचे जर्मन," सासूबाई म्हणाल्या. "पूस मंग."

"पुसून जात नाही हे. झाकाच लागते." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ब्रश काढ."

मी स्टूल ओढलं, चढले, गुंडाळी खाली आणली. फडकं सोडेपर्यंत सासूबाई कुंकवाचं बोट घेऊन हजर.

"थांब, आधी पूजा."

"दांड्याले लाव माय. केसाले नोको."

आधी हिरवं ठिगळ. तेलकट कुंकू मी टर्पेंटाइनने जमेल तेवढं काढून दिलं, वर यांनी रंग मारला. जेवणं होईपर्यंत तो वाळला. मग काळे चौकोन. पांढऱ्या रेघांच्या वेळी यांनी दुकानातली काठी आणायला लावली. पाट्या रंगवताना पेंटर जिच्यावर मनगट टेकवतात ती. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट. तरी ब्रशचं टोक हलत होतं. यांनी श्वास धरला, रेघ ओढली. वाकडी गेली. पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. मी खिडकीचा पडदा बाजूला केला, पंखा बंद केला, आणि बोलायचं नाही असं स्वतःला बजावून भाजी निवडत बसले.

दिवे लागायच्या आत दोन्ही क्रूस झाले. उजवा चांगला. डाव्याची एक भुजा जाड.

"पुसायची का?" मी विचारलं.

"राहू दे. तिथला पेंटर बी घाईतच असन."

मला तोवर त्या पेंटरचा विचारच आला नव्हता. कुठल्या तरी थंड मैदानात, परक्याचं विमान, वर आपल्या देशाची निशाणी काढणारा माणूस. त्याने ब्रश धुतला असेल आणि कुणीतरी तरुण त्या विमानात चढला असेल. त्यातले किती परत उतरले, ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

ब्रश धुताना यांचा हात थरथरतच होता. त्यात काही फरक नव्हता. धुऊन झाल्यावर ते यांनी फडक्यात गुंडाळले नाहीत, पेल्यात उभे ठेवले.

"त्या जीपवाल्याले फोन लाव," म्हणाले. "गेला नसन यवतमाळले तर म्हणा, उद्या गाडी आण. पण नाव लहान ठेव म्हणा."

मी फोन लावला. तो गेला नव्हता. मग फ्रिजवरच्या यादीतून डाळ आणि कणीक खोडली आणि खाली लिहिलं: शटरला तेल, पांढरा ऑइल पेंट, बसायला उंच स्टूल.