बंद मिठागराचा बांध

मंडळी, आज सकाळच्या भरतीला आमच्या भातात खाडीचं खारं पाणी शिरलं. शेजारच्या बंद मिठागराचा बांध फुटलाय.

तणतणत मिठागरवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "मीठच पिकवत नाय गो आता, परवडत नाय. बांध कोणासाठी घालू?"

माझ्या घरातही पिशवीतलंच मीठ आहे. इतकी वर्षं त्यांचं मीठ आमचा भात राखत होतं, हे आज कळलं.

शेवटी काकाच म्हणाले, "माणसं आण, मीपण येतो."

तेव्हापासून घरोघर फिरतेय. कोणी रोह्याला कंपनीत गेलाय, कोणी रात्रपाळी करून झोपलाय. माझा नवराही शिफ्टवरच.

संध्याकाळी पुन्हा भरती आहे. आपल्या गावात आज शिफ्ट नसलेलं कोणी आहे का?