खुर्शीदबीची नोंद

जठारपेठेत माझ्या घरासमोर एका संस्थेचं शेतकरी सल्ला केंद्र होतं. तिथला कॉम्प्युटर ताहेरभाई सांभाळायचे. साल २००८. लागोपाठ कापूस बुडालेला. फोन दिवसभर वाजायचा आणि उचलायला माणसं नाहीत. ताहेरभाईंनी स्वतःच एक प्रोग्रॅम तयार करून बसवला. हवामान पाहून त्यानं आधी रेकॉर्ड केलेली वाक्यं जोडायची आणि फोनवर सल्ला द्यायचा. आवाज त्यांच्या बायकोचा, खुर्शीदबीचा. "भाऊ, आज फवारू नका. वारं सुटून राह्यलं."

रेकॉर्डिंगनंतर दोन महिन्यांत त्या वारल्या. फोनवर मात्र रोज बोलायच्या. मी एकदाच नंबर लावला. पुन्हा हिंमत झाली नाही.

मग अमोल नावाचा इंजिनिअर मशीन अद्ययावत करायला आला.

"चाचा, यादीत असा प्रोग्रॅमच नाही."

"नाही कसा? बोलून राह्यली ना ते!"

दोघंही खरं बोलत होते. पॅकेज मॅनेजर हा मशीनमधला तलाठी. प्रोग्रॅम कोणता, त्याच्या फाइली कुठल्या, त्याला आधार कशाचा, हे सगळं तो नोंदवतो. पण त्याच्या हातून बसवलेल्याचंच. ताहेरभाईंनी परस्पर बसवलेलं त्याच्या दृष्टीनं नव्हतंच. त्या प्रोग्रॅमला लागणारा, आवाज वाजवणारा भागही त्याला बिनकामाचा वाटला, आणि तो काढायला निघाला. तो गेला असता तर आवाज बंद. त्या भागाची आणि रेकॉर्डिंगची मूळ सीडी खराब झालेली, दुसरी प्रत नाही.

"एक रिकामं पॅकेज बनवा," अमोल म्हणाला. "आत काही नाही, फक्त नोंद. हा प्रोग्रॅम आहे, त्याला हा भाग लागतो, एवढंच. नाव काय देता?"

"खुर्शीदबी."

काम झालं, आवाज वाचला. ताहेरभाईंनी गल्लीत पेढे वाटले. बावळटपणा! नोंदीत नाव लिहिलं, आधार लिहिला. फाइली कोणत्या, ते लिहायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

महिन्याभरानं डिस्क भरली. अमोलनं यादीत खुर्शीदबी आहे हे पाहिलं आणि कुठल्याच नोंदीत नसलेल्या बेवारस फाइली निर्धास्तपणे पुसल्या. आवाज त्यांतच होता.

सांगायची हिंमत नव्हती म्हणून तो माझ्याकडे आला. मी गेले. ताहेरभाई पडद्यासमोर बसले होते. खुर्शीदबी: स्थापित. आकार: शून्य.

"ताहेरभाई, ते नुसतं नाव आहे. आत काही उरलं नाही."

"मले ठाऊक हाय बाई. मीच बनवलं ना ते."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला. "धामणगावहून? थांबा भाऊ, ते हाय आत," म्हणाले, आणि रिसीव्हर मशीनजवळ टेकवून ठेवला.

मी पाऊण तास तिथे होते. पलीकडच्या माणसानं फोन ठेवला नाही.