मथुरामायचं दार

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सिव्हिल डिप्लोमा केलाय मी. बैठकीत कुणी ‘अनुभव’ सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय... पण लिहितेच.

शहाद्यापासून अर्ध्या तासावर, तापीकाठच्या गावांत आमची संस्था गरिबांना घरं बांधून देते. संस्था म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक असलेले आमचे सर, मी आणि गुलाब मिस्तरी. सरांचा नियम एकच: दार रस्त्याकडेच. घर झालं की दारात लाभार्थी, वर संस्थेची पाटी, असा फोटो रस्त्यावरून झकास येतो. देणगीदारांना पाठवायला.

मथुरामायचं मातीचं घर मागच्या पावसाळ्यात बसलं. तेव्हापासून सत्तरीची ही बाई पुतण्याच्या गोठ्यात बैलांशेजारी झोपत होती. पावसाआधी तिला छपराखाली न्यायचंच, म्हणून आम्ही मे महिन्यात काम काढलं. आणि चौकट बसवायच्या दिवशी बाई अडून बसली. तिला दार मागे हवं होतं, तुळसाबाईच्या दारासमोर. तुळसाबाई म्हणजे तिची चाळीस वर्षांची वैरीण! जुनं घर होतं तोवर रोज सकाळी दोघी आपापल्या दारात उभ्या राहून एकमेकींचा उद्धार करायच्या.

“रस्ताकडे दार? मंग मी भांडू कोनासंगे? यष्टीसंगे?”

मागून तुळसाबाई ओरडली, “तिना तोंडले लागनारी या गावमा मी एकलीच शे!”

“माय, ड्रॉइंग मंजूर झालंय,” मी ठणकावलं.

“मंग तूच ऱ्हा त्या घरमा. मी गोठामाच मरसू.”

मी चिडले. मिस्तरींना म्हटलं, लावा चौकट. लेव्हल बघायला आमच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. दोन टोकं कुठेही धरा, पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर. त्या दिवशी रस्त्याकडच्या भिंतीपाशी एका टोकात पाणी दोन बोटं वर! बुडबुडा असेल म्हणून नळी रिकामी करून पुन्हा भरली. शहाद्याहून नवी मागवली. दोन्ही टोकं अगदी शेजारी-शेजारी धरली... तरी दोन बोटं. मागच्या भिंतीपाशी गेलो — सारखं. परत पुढे — दोन बोटं.

“मॅडम, पानीच ‘नही’ म्हनी ऱ्हायनं,” गुलाब मिस्तरी म्हणाले.

सरांना बोलावलं. पाणी समपातळीत राहतं हे तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस! त्यांनी चष्मा पुसला, नळी स्वतः धरली, पुढे गेले, मागे गेले. मग गुपचूप सावलीत जाऊन बसले. प्यायला पाणी दिलं तर आधी ग्लास डोळ्यांसमोर धरून निरखला.

“दार मागे घ्या,” शेवटी म्हणाले.

“सर, ड्रॉइंग बदलायचं कारण काय लिहू?”

“तांत्रिक अडचण. आणि हे माझ्या शाळेत कुणाला सांगू नका.”

जूनमध्ये मथुरामाय घरात गेली. नारळ फुटायच्या आत भांडण सुरू! फोटो तुळसाबाईच्या अंगणातून काढावा लागला. त्यात आमची लाभार्थी बोट नाचवत शिव्या देतेय. देणगीदारांना आम्ही कळवलं, आनंद व्यक्त करताहेत.

श्रावणात एका सकाळी मथुरामाय दारातच कोसळली. समोर तुळसाबाई चूल पेटवत होती. तिच्या एका आरोळीत गल्ली जमा झाली, जीपमध्ये घालून शहाद्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती. रस्त्याच्या बाजूला त्या वेळी चिटपाखरू नसतं. दार तिकडे असतं तर दुपारपर्यंत कुणाला कळलं नसतं. आणि ते दार तिकडे मीच लावत होते.

त्याच दोन नळ्या मी नंतर कितीतरी घरांवर वापरल्या, एकदाही चुकल्या नाहीत. त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही, सरांनाही नाही. बुडबुडा होता म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, मीही आधी तेच म्हणत होते.

दवाखान्यात भेटायला गेले तर उशाशी तुळसाबाई, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन. मथुरामायनं तिचा हात घट्ट धरला होता. मला पाहताच सोडला.

“माय, बरं वाटतंय ना?”

“कसानं बरं? सुखमा मरू बी दिधं नही माले हिनी!”