कडी लावून केलेल्या भाकरी

आमच्या आप्पांसारखी भाकरी पडेगावात कुण्या बाईला जमायची नाय. पण हे बाहेर बोलायचं नाय! मी चार वर्षांची असताना आईचं मनगट मोडलं अन् वाकडंच जुळलं. तवापासून वाळूजच्या कंपनीतून आले की आप्पा दाराला कडी लावायचे अन् परातीपुढं बसायचे. भिंतीपलीकडं आजोबा तात्यासाहेब अन् चुलते. थापल्याचा आवाज तर जायचाच, म्हणून आई दाराशी बसून बांगड्या वाजवायची. काय ते नाटक!

मला वाटायचं, घरोघरी असंच असतं. गडीमाणसं आत भाकरी थापतात अन् बाहेर येऊन मिशीला पीळ देतात. शाळेत एका मैत्रिणीला विचारलं, "तुझे बाबा भाकरी करताना कडी लावतात का गं?" ती पोट धरून हसली. आप्पांना सांगितलं, तर त्यांचं तोंडच उतरलं. "बाई, लोक मला बायकोचा बैल म्हणतील." मला लई लाज वाटली. मोठी झाले तशी लाज गेली अन् राग आला. चांगलं काम करणारा माणूस चोरासारखा का बसतो?

औंदा मला बघायला पाव्हणे यायचे होते. मी आप्पांपुढं हात जोडले. "माझी नोकरी मला सोडायची नाय. पोरगा घरात हात लावणारा पायजे. तुम्ही करता, एवढं फक्त सगळ्यांपुढं बोला." आप्पांनी "बोलतो" म्हणून मान हलवली. त्या दिवशी सकाळीच त्यांनी वीस भाकरी थापल्या.

जेवणं झाली. पोराची आई द्वारकाबाई म्हणाल्या, "भाकरी लई झ्याक! कुणी केल्या?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी तात्यासाहेबांकडं.

"पोरीनंच," आप्पा म्हणाले.

मग मीच पोराला विचारलं, "तुम्हाला येतो का स्वयंपाक?" आईनं मला चिमटा काढला. पोरगा हसला. "आमच्यात गडीमाणूस चुलीकडं जात नाय. तुमच्यात जातो का हो, मामा?"

आप्पांच्या नखांत अजून पीठ होतं.

"छ्या!" ते म्हणाले.

मला त्यांची कीव आली, अन् असा संताप आला की ताट भिरकावून द्यावं. पण मी पदर सावरून बसले, शिकवल्यासारखी. तात्यासाहेब खूष झाले. त्याच बैठकीत सुपारी फुटली, अन् ती फोडली आप्पांनीच.