ताराने मारलेलं पाणी

उखाला भिंतीची नस कळते, असं सुरतेच्या उधन्यात सगळे म्हणत आणि उखाही ते नाकारत नसे. नाकारेल कसा! ती कीर्ती त्याने स्वतःच चहाच्या टपरीवर बसून पसरवली होती. जुन्या घरातले पाइप, बोर्ड, खिळे काढले की भिंतींना भोकं पडतात. ती बुजवणं हे त्याचं काम. लोकांना वाटतं, भोकात सिमेंट-वाळूचा माल कोंबला की झालं. पण भोकाभोवतीचं प्लास्टर विटेपासून सुटलेलं असेल, तर कितीही माल भरा, एक दिवस सगळं खाली येतं. कुठे सुटलंय ते गवंडी भिंतीवर थापीचा दांडा वाजवून ओळखतो. पोकळ जागा रिकाम्या पिंपासारखी वाजते.

उखाही दांडा वाजवायचा. फक्त त्याला ऐकू येत नसे.

तरुणपणी तो अमळनेरकडून सुरतेला आला तो थेट कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात. तिथल्या खडखडाटाने त्याचे कान खाल्ले. उजवा पार गेला, डाव्यात थोडी धुगधुगी उरली. पुढे तो गवंडीकामाला लागला, पण बहिरेपण त्याने कधी कबूल केलं नाही. एकदा मुकादमाने ‘ए बहिऱ्या’ अशी हाक मारली. तेवढी मात्र नेमकी ऐकू आली आणि उखा कालवलेला माल तसाच टाकून घरी आला. त्याच रात्री जेवताना बायकोने, ताराने, सहज विचारलं, “ऐकू येस नही का?” तर हा भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर त्या घरात कुणी आवाज चढवला नाही.

तारा त्याच्या हाताखालीच काम करायची. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल धरत नाही, म्हणून आधी भिंतीला पाणी मारावं लागतं. ते काम ताराचं. उखा भिंतीकडे पाठ करून माल कालवायचा, तोवर ती जर्मनचा तांब्या घेऊन भिंतीपाशी फिरायची. मग उखा उठायचा, ऐटीत दांडा वाजवायचा आणि भिंत निरखायचा. जिथे ओल गडद, तिथे पोकळ. सुटलेलं प्लास्टर पाणी जास्त पितं, असा त्याने मनाशी सिद्धांतच बांधला होता. कान नसले म्हणून काय झालं, डोळे आहेत ना! आणि तो सिद्धांत कधी चुकला नाही.

यंदा सुषमाबेनच्या घराचं काम निघालं. तिच्या मुलाचं लग्न तोंडावर, रंगारी दाराशी उभे. त्यातच उखा-ताराच्या लेकीच्या, पूजाच्या, बाळाचं बारसं आलं.

“तू जाय, मी एकलाच बठ्ठं करस,” उखा म्हणाला.

तारा घुटमळली. “मी येस तवलोंग काम ऱ्हाऊ द्या ना.”

“तुनाबिगर भिंत पडी जाई का?” उखा हसला. ती गेली, पण गाडीत बसेपर्यंत मागे वळून बघत होती.

उखाने स्वतःच पाणी मारलं. भिंत सगळीकडे सारखीच भिजली. गडद ठिपका कुठेच नाही. चांगली भिंत आहे म्हणायची, असं म्हणत त्याने भोकं भरली, झकास घोटून काढली. दुसऱ्या दिवशी विजेच्या बोर्डाची फळी बसवायला वायरमनने ड्रिल लावलं, तर परातीएवढा तुकडा धाडकन खाली आला. सुषमाबेनने उरलेल्या भिंतीवर बोटाने टकटक केलं.

“उखाभाई, ये तो पूरा पोला है. आपने बजाया नहीं था?”

“बजाया था,” उखा म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

“मग दुसरा कारीगर बुलाऊं क्या?” लग्नघाईत ती मराठी-हिंदीची खिचडी करत होती.

हे काम गेलं की उधन्यातलं नाव गेलं. उखाने नजर खाली वळवली. बादलीशेजारी ताराचा तांब्या पालथा पडला होता. त्याच्या बुडाला पोचेच पोचे. नवा तांब्या दर वेळी कशी ठेचतेस, म्हणून तो तिच्यावर कितीदा तरी खेकसला होता. आता त्याला उमगलं. ती आधी तांब्याचं बूड भिंतीवर वाजवायची, स्वतः ऐकायची आणि पोकळ असेल तिथेच जास्त पाणी मारायची. त्याची पाठ वळलेली असताना.

आधी त्याला राग आला. मग राग कुणावर काढायचा तेच कळेना. जेवायला ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला का बसते, रस्त्याने डावीकडूनच का चालते, तेही आताच कळलं. त्याचे डोळे भरून आले.

“बेन,” तो म्हणाला, “मेरे को सुनाई नहीं देता. मेरी औरत सुनती है. वो परसों आएगी.”

सुषमाबेनने रंगाऱ्यांकडे पाहिलं, उखाकडे पाहिलं. “परसों,” ती होकारार्थी मान हलवून म्हणाली.

तारा आली. उखाने माल कालवायला घेतला नाही. तांब्या तिच्या हातात दिला आणि शेजारी उभा राहिला.

“वाजाड. मी देखस.”

ताराचा हात थबकला. ती वळसा घालून त्याच्या डावीकडे आली. “तुमले राग येई म्हनीसन सांगं नही.”

“आते सांग. जोरमा सांग.”

तिने बूड आपटलं, कान लावला, पुन्हा आपटलं.

“पोकळ!” तारा ओरडली. आतल्या खोलीतून सुषमाबेन दचकून बाहेर आली. इतक्या वर्षांत ताराने उखाशी कधी इतक्या मोठ्याने बोलायची हिंमत केली नव्हती. उखाला ते स्वच्छ ऐकू आलं.